रात्रीची एमटीबी (माउंटन बाइक) राइड: पहिल्यांदा जायचं असेल तर सुरुवात कुठून करायची, अगदी लाइटपासून परत येईपर्यंत

ज्या ट्रेलवरून तुम्ही शंभर वेळा गेलाय, जिथला दगड न् दगड पाठ आहे आणि आता जरा कंटाळाच आलाय, तोच ट्रेल एकदा रात्री करून बघा. लांबी तीच, चढ तोच, पण अर्ध्यात आल्यावर आपण नक्की कुठे आहोत तेच कळत नाही. दिवसा नजर लांब पळत असते, समोरचा डोंगर, अजून किती चढ उरलाय, पुढचा गडी किती लांब गेला, सगळं दिसतं आणि मनही तिकडेच पळत असतं. रात्री पुढचे पंचवीस-तीस मीटर एवढंच जग उरतं, चढ किती बाकी आहे ते दिसतच नाही म्हणून त्याचं टेन्शनही येत नाही, पेडल मारत राहायचं आणि कधीतरी चाक हलकं झालं की समजायचं वर पोचलो. उतारावर वेग दिवसापेक्षा कमी असतो पण वाटतो दुप्पट, कारण उजेडात फक्त जवळचं गवत, जवळच्या फांद्या, कडेचे दगड असतात आणि जवळच्या गोष्टी डोळ्यांसमोरून झपकन सरकतात. आणि आवाज! टायरखालची खडी, मागच्या हबची (चाकाच्या मधल्या भागाची) टिकटिक, आपलाच श्वास, दिवसा हे सगळं असतंच पण ऐकू कुठे येतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. रात्री ट्रेल आपण सावल्यांवरून वाचतो. दगडाची उंची, खड्ड्याची खोली, मुळाची जाडी हे सगळं त्याच्यामागे पडलेल्या सावलीवरून कळतं. लाइट कुठे लावायचा, किती प्रखर ठेवायचा, मित्रांमधे अंतर किती, सगळं याच एका गोष्टीवरून ठरतं.

लाइट: एक नाही, दोन लागतात

नवीन माणूस पहिला प्रश्न विचारतो तो किती लुमेनचा (लुमेन म्हणजे उजेडाचं माप) घेऊ. त्याच्याआधी घरी एक प्रयोग करा. खोलीत अंधार करा, जमिनीवर एक जाड टॉवेल चुरगाळून टाका. टॉर्च कपाळाला टेकवून त्याच्याकडे बघा. टॉवेल जवळजवळ सपाट दिसेल, पांढरा डाग पडल्यासारखा. आता तीच टॉर्च कमरेजवळ धरून बघा. एकेक घडी उठून दिसेल. टॉवेल तोच, टॉर्चही तीच. कपाळाजवळचा प्रकाश डोळ्यांच्या रेषेतच जातो त्यामुळे प्रत्येक सावली वस्तूच्या बरोबर मागे लपते, आपल्याला दिसतच नाही. खालून प्रकाश आला की सावली लांब होते आणि दिसायला लागते.

म्हणून हँडलबारवरचा लाइट हा मुख्य लाइट. पण नुसता तोच लावला तर वळणावर फसायला होतं, कारण तो हँडल जिकडे तिकडेच बघतो, तुम्हाला डावीकडे वळायचंय आणि प्रकाश पडलाय समोरच्या झुडपावर. तिथे हेल्मेटवरचा लाइट कामाला येतो, मान वळेल तिकडे तो वळतो, वळणाच्या आत, ड्रॉपच्या (एकदम खाली जाणाऱ्या पायरीच्या) खाली, जिथे बघायचंय तिथे.

आता बहुतेक लोक चूक करतात ती अशी की हेल्मेटवर जास्त पॉवरफुल लाइट लावतात. मग होतं काय, वरचा प्रकाश खालच्या लाइटने केलेल्या सगळ्या सावल्या पुसून टाकतो आणि ट्रेल पुन्हा त्या टॉवेलसारखा सपाट. माझं मत पक्कं आहे, बारवर रुंद बीमचा जास्त प्रखर, हेल्मेटवर अरुंद बीमचा आणि कमी प्रखर. सुरुवातीला बारवर १०००-१५०० लुमेन आणि हेल्मेटवर ६००-८०० पुरेसं होतं, आणि हेल्मेटचा तर मी बहुतेक वेळ मीडियमलाच ठेवते.

खोक्यावर छापलेल्या लुमेनच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, साधा हिशोब करा. चांगल्या एलईडी लाइटला १००० लुमेनसाठी ढोबळमानाने १० वॉट लागतात. आतमधे सहसा १८६५० नावाचे सेल असतात (१८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब म्हणून ते नाव), एका सेलमधे साधारण ९ ते १३ वॉट-अवर ऊर्जा. म्हणजे दोन सेलचा लाइट १००० लुमेनवर दोन तासांच्या आसपास चालेल. कोणी म्हणालं दोन सेलवर ५००० लुमेन, चार तास, तर त्याला ५० वॉट गुणिले चार म्हणजे २०० वॉट-अवर लागतील, आणि आत आहेत जेमतेम पंचवीस. पुढे बोलायलाच नको.

थंडीत बॅटरी अजून लवकर उतरते तेही धरून चाला. आणि थांबलात की लाइट लो करा, कारण हे लाइट चालताना लागणाऱ्या वाऱ्यावर गार राहतात, उभ्या सायकलवर फुल ठेवला की तापतो, चांगला असेल तर स्वतःच मंद होतो, साधा असेल तर खराब होतो.

रंगाचं म्हणाल तर निळसर पांढऱ्या प्रकाशापेक्षा थोडा पिवळट, ४०००-५००० केल्विनचा (केल्विन हे प्रकाशाच्या रंगछटेचं माप) मला आवडतो, माती, ओली पानं, मुळं यातला फरक त्यात चांगला कळतो. पण यावर अडून बसू नका.

(आपण नशीबवान आहोत खरंच. १९९२ मधे अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात २४ तासांची माउंटन बाइक रेस सुरू झाली तेव्हा लोक हॅलोजनचे दिवे आणि वजनदार बॅटऱ्या घेऊन रात्रभर चालवायचे. पांढऱ्या एलईडीच्या मुळाशी जो निळा एलईडी आहे त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. अंधाऱ्या उतारावर मला त्यांची आठवण येते.)

लाइट बसवताना

बारचा लाइट मधोमध आणि घट्ट. एखादा पायऱ्या-पायऱ्यांचा उतार लागला की ढिला लाइट मान टाकतो आणि नेमकं नको तेव्हा पुढच्या चाकाखेरीज काही दिसत नाही. अंधारात सपाट जागेवर सायकलवर बसून त्याचा रोख असा ठेवा की उजेड चाकापुढे चार-पाच मीटरवर सुरू होऊन पुढे पसरत जाईल.

हेल्मेटच्या लाइटचा अँगल सरळ उभं राहून लावू नका. उतारावर जसे उभे असता, ढोपरं वाकलेली, कोपरं बाहेर, छाती खाली, तसे राहा आणि मग लावा, रोख बारच्या बीमच्या पुढच्या टोकावर. लाइटच्या वजनाने हेल्मेट पुढे कलंडतं, मागचा डायल एक घर जास्त आवळा. आणि माउंट असा हवा की खालच्या फांदीत अडकला तर लाइट निघून येईल, मान ओढली जाणार नाही.

ट्रेल कुठला आणि वेळ कुठली

पहिल्या राइडला ओळखीचाच ट्रेल, आणि तोसुद्धा दिवसा तुम्हाला सोपा वाटणारा. त्याच आठवड्यात एकदा दिवसा जाऊन या म्हणजे पडलेलं झाड, नवीन चर, वाहून गेलेली कडा कळेल. पाच ते आठ किलोमीटरचा छोटा लूप बघा, सुरुवातीच्या जागेजवळून पुन्हा जाणारा, म्हणजे नकोसं वाटलं तर निघता येतं. रात्री तिथे जायला परवानगी आहे ना हे आधी बघा. खूप ठिकाणी जंगलात, राखीव भागात सूर्यास्तानंतर प्रवेश बंद असतो आणि तो बऱ्याचदा प्राण्यांसाठी असतो, रात्र ही त्यांची कामाची वेळ. बंद असेल तर तो ट्रेल सोडून द्या, गुपचूप जाऊ नका.

सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी चढायला लागा, चढ संधिप्रकाशात होईल आणि डोळ्यांना सवय व्हायला वेळ मिळेल. पण संधिप्रकाशात उतरायची घाई करू नका, हे मी कळकळीने सांगते. दिवस पूर्ण मावळायच्या आधीची ती वेळ सगळ्यात फसवी. सूर्य नाही म्हणून त्याच्या सावल्या नाहीत, आणि आभाळात अजून उजेड आहे म्हणून आपल्या लाइटच्या सावल्या उठत नाहीत. ट्रेल राखाडी आणि सपाट. लोक म्हणतात अजून दिसतंय तोवर उतरून घेऊ, आणि तिथेच पडतात. वर थांबा, पाणी प्या, मिट्ट काळोख होऊ द्या, मग उतरा, जास्त स्पष्ट दिसेल.

चंद्र हवा असेल तर पौर्णिमेला तो सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि नंतर रोज साधारण ५० मिनिटं उशिरा. झाडीत त्याचा उपयोग नाही, उघड्या माळावर मात्र डोंगराची कड दिसत राहते आणि दिशा चुकत नाही.

एकट्याने जाऊ नका, निदान सुरुवातीला तरी. दोघं-तिघं बरे. घरी कोणाला तरी रस्ता आणि वेळ सांगून ठेवा, आणि या वेळेपर्यंत फोन नाही आला तर काय करायचं तेही स्पष्ट सांगा. मोबाइलवर ऑफलाइन नकाशा घ्या, रेंज नसेल तिथे फ्लाइट मोड टाका, नाहीतर फोन रेंज शोधण्यातच बॅटरी संपवतो.

सोबत काय न्यायचं

तिसरा लाइट. साधा छोटा हेडलॅम्प, पण खिशात, बॅगेच्या तळाशी नाही. माझ्या सुरुवातीच्या राइडमधे मी चढभर बारचा लाइट फुल ठेवला होता आणि उतार अर्धा झाला असताना तो एकदम गेला. आधी मंद झाला असेल पण लक्ष ट्रेलवर होतं. हेल्मेटला तेव्हा लाइटच नव्हता. पोटात गोळा येणं म्हणजे काय ते त्या दोन सेकंदात कळलं, ब्रेक दाबून गवतात उतरले, आणि मग बॅगेतलं सगळं सामान मिट्ट काळोखात चाचपडत हेडलॅम्प शोधला. त्या दिवसापासून तो जॅकेटच्या डाव्या खिशात असतो, कुठलीही राइड असो.

पंक्चरचं सामान दिवसासारखंच, पण घरी एकदा अंधारात हेडलॅम्पवर ट्यूब बदलून बघा, हाताला सवय होते. एक फिक्या रंगाचं फडकं ठेवा आणि दुरुस्ती त्याच्यावरच करा, कारण चेनची क्विक लिंक (चेन जोडणारी सुटी कडी) किंवा व्हॉल्व्हचं टोपण पालापाचोळ्यात पडलं की ते गेलंच समजा. म्हणून जास्तीची क्विक लिंक मी टेपने फ्रेमला चिकटवून ठेवते.

चष्मा पारदर्शक काचेचा हवाच, किडे उजेडाकडे येतात आणि फांद्या दिसायच्या आत लागतात. एक जास्तीचा कपडा. रात्री गार हवा जड होऊन दरीत उतरते, त्यामुळे घामाने भिजलेले तुम्ही वरून खाली येता तेव्हा एका ठराविक वळणानंतर पाण्यात पाय टाकल्यासारखा गारवा लागतो, अगदी रेघ मारल्यासारखा. (मला ती रेघ फार आवडते, पण जॅकेट घातलेलं असेल तरच.) आणि एक शिट्टी. मदत हवी असेल तर एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबायचं, मग पुन्हा सहा, लाइटनेही असंच. उत्तर म्हणून मिनिटाला तीन येतात. डोंगरात ही खूण खूप ठिकाणी चालते.

आता प्रत्यक्ष चालवणं

चढावर लाइट लो. वेग कमी असतो, तेवढा पुरतो, आणि उतारासाठी बॅटरी उरते. हळू चढताना हँडल इकडेतिकडे हलतं आणि बारचा बीम झुलतो, त्याच्याकडे बघत बसलात तर गरगरतं, तिथे नजर हेल्मेटच्या लाइटच्या उजेडावर ठेवा.

उतार सुरू व्हायच्या आधी दोन्ही लाइट वाढवा. नजर बीमच्या पुढच्या टोकाला, तिथून मागे आणत परत पुढे. पुढच्या चाकासमोर बघायचा मोह होतो, तिथे सगळ्यात जास्त उजेड असतो ना, पण तिथलं काही दिसून आता उपयोग नाही, चाक त्याच्यावर गेलेलंच असतं.

वेगाचा नियम एकच, जेवढ्या अंतरापर्यंत दिसतंय तेवढ्यात थांबता आलं पाहिजे. ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर, २५ मीटर दिसत असेल तर हातात साडेचार सेकंद. ताशी ३५ ला तेच अडीच सेकंदावर येतं, त्यातला एक-दीड सेकंद मेंदूला कळून बोटं ब्रेकवर दाबण्यातच जातो, आणि उरलेल्यात सुट्या खडीवर सायकल थांबत नाही.

काळं दिसलं तर ते काय आहे? हे ओळखायला दोन-तीन राइड लागतात. सावली असेल तर तुम्ही जवळ जाता तशी ती सरकते, आकार बदलते. खड्डा असेल तर त्याची कड जागची हलत नाही. चिखल चमकतो. साचलेलं शांत पाणी मात्र काळंभोर आणि गुळगुळीत दिसतं, आत खडा नाही, रेघ नाही, कारण ते उजेड आरशासारखा पुढे फेकून देतं, तुमच्याकडे काहीच येत नाही. खात्री नसेल तर खड्डा समजून वेग कमी करा.

वळणाच्या आधी ब्रेक, मग हनुवटी वळणाकडे फिरवा, बाहेर कुठे जायचंय तिकडे. बारचा बीम तेवढ्यात बाहेरच्या झाडावर पडेल आणि ते झाड नाटकातल्या पात्रासारखं लख्ख उभं राहील. त्याच्याकडे बघू नका. नजर जिथे अडकते सायकल तिथेच जाते, दिवसाही हे खरं आहे पण रात्री जास्त, कारण उजेडात दुसरं काही नसतं.

हात. अंधारात नकळत मूठ आवळली जाते, पंधरा मिनिटांत मनगटं भरून येतात आणि सायकल आपल्याखाली नीट खेळत नाही. प्रत्येक सपाट तुकड्यावर बोटं एकदा सैल करा, खांदे खाली सोडा, टाचा खाली. दव पडलं की मुळं आणि गुळगुळीत दगड साबणासारखे होतात, मुळं काटकोनात ओलांडा, त्यांच्यावर असताना ब्रेक नको आणि वळणंही नको.

मित्र पुढे असेल तर चिकटून जाऊ नका. तुमचा लाइट त्याच्या पाठीवर पडतो आणि त्याचीच लांबलचक सावली त्याच्यापुढच्या ट्रेलवर पडते, नेमकं त्याला जे वाचायचंय तेच झाकलं जातं. माझी मैत्रीण एकदा पुढून ओरडली, "अगं मागे राहा ना, मला माझंच डोकं दिसतंय सगळीकडे!" तेव्हा मला हे पहिल्यांदा कळलं. वीस-तीस मीटर सोडा, धूळ असेल तर अजून. मागचा लाल लाइट मंद आणि स्थिर ठेवा, ट्रेलवर लुकलुकणारा लाल दिवा मागच्याला नको जीव करतो. आणि थांबून बोलताना हेल्मेटचा लाइट बंद करा. आपण माणसाच्या तोंडाकडे बघतो आणि त्याच्या डोळ्यांवर थेट उजेड जातो, डोळ्यांना अंधाराची झालेली सवय क्षणात मोडते आणि पूर्ण परत यायला वीस-तीस मिनिटं लागतात.

धुकं आलं तर हेल्मेटचा लाइट लगेच बंद, समोर पांढरी भिंत उभी राहते त्याने. नुसता बारचा, तोही कमी करून, आणि जपून.

डोळे चमकतात तेव्हा

लांबून दोन हिरवट-पिवळे ठिपके दिसले की पहिल्यांदा धस्स होतं. बऱ्याच प्राण्यांच्या डोळ्यांत पडद्यामागे प्रकाश परत फेकणारा एक थर असतो, त्याने त्यांना अंधारात जास्त दिसतं आणि आपल्याला ते चमकताना दिसतात. थांबा, लाइट थोडा खाली करा, नेहमीच्या आवाजात काहीतरी बोला, त्याला जायला वाट द्या. प्रखर उजेडात प्राणी गोठून उभा राहतो, त्याला हलायला अंधार लागतो. मागे लागू नका, फोटोसाठी तर नकोच.

गवतात दवबिंदूंसारखे बारीक चमचमणारे ठिपके दिसतील, जवळ जाऊन बघा, कितीतरी ठिपके कोळ्यांचे डोळे निघतात. आणि रातवा! हा पक्षी पायवाटेवरच बसतो, मातीच्या रंगाचा, दिसतच नाही, फक्त एक लालसर निखारा दिसतो जमिनीवर. अगदी जवळ गेल्यावर काही आवाज न करता उठतो आणि बीमच्या कडेने निघून जातो. पहिल्यांदा दिसला तेव्हा मी सायकल आडवी टाकून तिथेच बसले होते, बराच वेळ.

वर पोचल्यावर लाइट बंद करा

हे लोक टाळतात, पण ही पायरी मी प्रत्येक नवीन माणसाकडून करून घेते. सुरक्षित जागी सायकल आडवी ठेवा, सगळे लाइट बंद, मोबाइलही खिशात, दहा मिनिटं. पहिलं एक मिनिट काहीच दिसत नाही आणि जीव मुठीत असतो. मग झाडांचे शेंडे आभाळापासून सुटे होतात. मग ट्रेल फिक्या पट्ट्यासारखा वर येतो. एखादा मंद तारा निसटत असेल तर त्याच्या किंचित बाजूला बघा, दिसेल, कारण डोळ्याच्या अगदी मध्यभागी अंधारात बघणाऱ्या पेशीच नसतात. तोवर आवाजांची ओळख होते, मघाशी जे सळसळलं ते फक्त वाळलं पान होतं हे कळतं, आणि उतारावर तोच आवाज आला की हात आवळले जात नाहीत.

परत आल्यावर

लाइट गार झाला की लगेच चार्जिंगला लावा, उद्यावर टाकलं की पुढच्या राइडला अर्ध्या बॅटरीने निघाल. पण बरेच आठवडे वापरायचा नसेल तर पूर्ण चार्ज करून ठेवू नका, निम्म्यावर ठेवा, बॅटरी जास्त टिकते. कुठल्या मोडला किती वेळ चालला ते लिहून ठेवा, दोन-तीन राइडमधे तुमच्या लाइटचा खरा आकडा तुमच्याकडे येतो. आणि सायकल दुसऱ्या दिवशी उजेडात धुवा, टायरमधे रुतलेले काटे, वाकलेला डिरेलर हँगर (गिअर बदलणारा भाग ज्याला लटकतो तो तुकडा), सैल झालेला एखादा बोल्ट हे रात्री हेडलॅम्पवर हमखास निसटतं.